एक तास अठ्ठावीस मिनिटं

भोंग्याच्या बायकोने शाळेतून पाटी आणली. खरीखुरी, लाकडी चौकटीची, कोपऱ्याला दोरीने स्पंज बांधलेली. ती गणित शिकवायची, आणि शाळेच्या कोठीत अशा पाट्या वर्षानुवर्षं धूळ खात पडल्या होत्या. तिने ती नवऱ्यासमोर टेबलावर ठेवली, शेजारी खडूचे दोन तुकडे मांडले आणि म्हणाली, “हं. आता बोल.”

भोंग्याने लिहिलं : चहा.

“अठरा वर्षांत पहिल्यांदा हळू आवाजात मागितलास,” असं म्हणून ती आधण ठेवायला गेली.

भोंगा हे अर्थातच आईवडिलांनी ठेवलेलं नाव नव्हतं. लहानपणी मधल्या सुट्टीत तो एकदा असा काही ओरडला होता, की पलीकडच्या कारखान्यातले कामगार डबे आवरून कामाला लागले. तेव्हा चिकटलेल्या या नावावर त्याने पुढे चोवीस वर्षं हेवी मेटल गायलं. काळे कपडे, पोटातून निघणारा गुरगुराट आणि त्यावर चढत जाणारी किंकाळी हा त्याचा संसार. त्याचे सासरे पहिल्यांदा कार्यक्रमाला आले तेव्हा मध्यंतरात जावयाच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाले होते, “नेमकं कुठे दुखतंय ते सांगा, आपण चांगला माणूस गाठू.”

आता खरोखरच दुखत होतं. पंधरा गावांचा दौरा होता. चार गावं झाली. पाचव्या गावात तिसऱ्या गाण्याच्या मधोमध भोंग्याने तोंड उघडलं आणि आतून नुसती हवा आली, सायकलच्या ट्यूबमधून सुटावी तशी. पहिल्या रांगेतल्या लोकांना तो नवा प्रकार वाटला आणि त्यांनी टाळ्या वाजवल्या.

घशाच्या डॉक्टरीणबाई ठेंगण्या, चष्मा कपाळावर ठेवणाऱ्या आणि फार न बोलणाऱ्या होत्या. त्यांनी नाकातून बारीक नळी आत सोडली आणि पडद्यावर भोंग्याचे स्वरतंतू त्यालाच दाखवले. दोन लालसर पट्ट्या, आणि दोन्हींवर समोरासमोर एकेक गाठ.

“चार आठवडे मौन,” बाई म्हणाल्या. “कुजबुजसुद्धा नाही. गाठी बसल्या तर उत्तम. नाही बसल्या तर काढाव्या लागतील. काढल्यावर बोलता येईल. पण हे तुम्ही जे काही गाता ते येईल की नाही, मी सांगू शकत नाही.”

भोंग्याने त्यांच्याच कागदावर लिहिलं, ‘दुसरं काही येत नाही.’

“म्हणून तर मौन,” बाई म्हणाल्या, आणि त्यांनी त्याच्या गळ्याच्या खळगीत शर्टाच्या बटणाएवढी चकती चिकटवली. तिची तार खिशातल्या काड्यापेटीएवढ्या डबीत जात होती. हा मीटर शब्द ऐकत नाही, त्यांनी समजावलं. खोलीतला आवाजही ऐकत नाही. गळा थरथरला की तेवढी थरथर मोजतो, तारीखवार आणि सेकंदासकट. पेशंट घरी जाऊन बोलतात आणि इथे येऊन नाही म्हणतात, म्हणून ही सोय. “डॉक्टरांशी खोटं बोलता येतं. चकतीशी नाही.”

दौऱ्याची उरलेली दहा गावं होती. त्यातली नऊ रद्द झाली. दहावं, घरच्या शहरातलं, महिनाभर पुढे असल्यामुळे लटकत ठेवलं.

रद्द करण्याचं काम मॅनेजरने केलं. त्याला सगळे टाइमटेबल म्हणत. दौऱ्यावर रोज सकाळी सातला तो प्रत्येकाच्या फोनवर दिवसाचा तक्ता पाठवायचा : दहाला निघणे, बाराला सामान उतरवणे, चारला साउंडचेक, साडेसातला मंच. एका वर्षी एक दिवस त्याने तक्ता पाठवला नव्हता, तर त्या दिवशी ड्रमर भलत्याच गावी जाऊन उतरला होता आणि तिथल्या एका लग्नात जेवून परत आला होता. तेव्हापासून टाइमटेबलचा नियम होता, की आभाळ कोसळलं तरी तक्ता जाणार. त्यामुळे कार्यक्रम रद्द झाले तरी तक्ते येत राहिले. वर लाल अक्षरांत ‘रद्द’, आणि खाली सगळं जसंच्या तसं. चारला साउंडचेक. साडेसातला मंच.

पहिला रद्द कार्यक्रम मंगळवारचा. त्या संध्याकाळी भोंगा सोफ्यावर बसून होता. समोर बायको सहामाहीच्या वह्या तपासत होती. टीव्हीवर आवाज बंद करून कुठलीशी मॅच चालू होती, आणि भोंग्याच्या मनात आलं की मुकी माणसं मुकी मॅच बघतात हे ठीकच आहे.

साडेसात वाजले.

त्याला उकडायला लागलं. पंखा चालू होता. कपाळावर घाम आला, मग मानेवर. मांड्या घट्ट झाल्या. छातीचा भाता आपोआप खालपर्यंत भरला, रिकामा झाला, पुन्हा भरला. तो काहीच करत नव्हता. दाढेखाली लवंग होती आणि तोंड मिटलेलं होतं.

“काय रे, तोंड का लाल झालंय?” बायकोने वहीतून डोकं वर काढलं. “ताप आहे की काय?” ती स्वयंपाकघरात जाऊन थर्मामीटर धुऊन घेऊन आली, तो त्याच्या काखेत खोचला आणि ओला, गार हात त्याच्या गळ्यावर ठेवून बसली. थर्मामीटरने पीं केल्यावर तिने हात काढला. “नाही. साडेअठ्ठ्याण्णव. नुसता बसून घाम गाळतोस. लोक जिममध्ये जातात त्यासाठी.”

नऊच्या सुमाराला सगळं उतरलं. उरला तो थकवा. हा थकवा भोंग्याच्या चांगल्या ओळखीचा होता. खांद्यांमध्ये दगड, गुडघ्यांत पाणी, आणि कुणी प्रेमाने विचारपूस केली तरी रडू येईल अशी अवस्था. चोवीस वर्षं हा थकवा त्याला मंचाच्या मागे प्लास्टिकच्या खुर्चीवर भेटत आला होता. घरी तो पहिल्यांदाच आला.

गुरुवारी पुन्हा तसंच झालं. शनिवारीही.

सोमवारी डॉक्टरीणबाईंनी डबी कॉम्प्युटरला जोडली आणि चष्मा कपाळावरून खाली आणला. ही चांगली खूण नव्हती.

“मंगळवार, गुरुवार, शनिवार,” त्या म्हणाल्या. “साडेसात ते जवळजवळ नऊ. एक तास अठ्ठावीस मिनिटं. आणि बोलणं नाही हे, पूर्ण जोर लावून ओरडणं आहे. तुम्हाला नोकरी आहे का कुठे संध्याकाळची?”

“घरीच असतो हो हा,” बायको म्हणाली. “माझ्यासमोर बसलेला असतो.”

“मग तुम्ही बहिऱ्या असाल.”

“अहो, मी सातवीच्या वर्गाला शिकवते. शेवटच्या बाकावर पेन्सिल पडली तरी मला ऐकू येतं.”

बाईंनी नळी घातली. गाठी तशाच होत्या आणि भोवती ताजी सूज होती. त्यांनी मीटर बदलून दिला, नवा, पेटीतला. “याच्यातही असंच आलं तर मी तुमच्यावर वेळ घालवणार नाही. सरळ तारीख देईन ऑपरेशनची.”

घरी आल्यावर बायकोने पाटी त्याच्यासमोर सरकवली. “खरं सांग. मी शाळेत गेल्यावर काही करतोस?”

भोंग्याने लिहिलं, ‘साडेसातला तू घरी असतेस.’

गणिताच्या शिक्षिकेला असं उत्तर पटतं आणि पटल्यामुळेच राग येतो.

कानसेन बुधवारी आला. हा बँडचा साउंड इंजिनियर, सोळा वर्षांचा सोबती. हॉलमध्ये मागे बसून आवाजाच्या कळा वरखाली करायच्या, आणि कोण कुठे चुकलं ते कुणाला न सांगता लक्षात ठेवायचं, हे त्याचं काम. तो पपई घेऊन आला होता, कारण आजाऱ्याकडे काय न्यावं हे त्याला सुचत नसे. भोंग्याच्या बायकोने डॉक्टरांकडून आणलेला आलेखाचा कागद त्याच्यापुढे ठेवला. त्याने तो आधी उलटा धरला, मग सुलटा.

“पाच मिनिटं चार सेकंद,” तो पुटपुटला. “मग अकरा सेकंद काही नाही. मग चार बावीस...” त्याचं बोट कागदावर सरकत गेलं आणि थांबलं. “वहिनी, हे कुठून आलं?”

“याच्या गळ्यातून. म्हणजे मशीन तसं म्हणतंय.”

“ही आपली गाण्यांची यादी आहे. या दौऱ्याची. हे पहिलं गाणं, ही अकरा सेकंदं हा पाणी पितो. इथे सगळं शांत आहे ना, इथे हा माइक लोकांकडे धरतो, लोक गातात. आणि हे बघा.” त्याने भोंग्याकडे नजर टाकली. “पाचव्या गाण्यात हा नेहमी अर्धा ठोका आधी घुसतो. सोळा वर्षं सांगतोय. इथेही आधीच घुसलाय.”

भोंग्याने पाटीवर लिहिलं, ‘नाही घुसत.’ मग स्वतःच पुसलं.

“एक मात्र कळत नाही,” कानसेन म्हणाला. “मंगळवारी. तिसऱ्या गाण्याच्या मधेच बंद पडलंय. दोन मिनिटं अकरा सेकंद. मग जिथे थांबलं तिथूनच पुढे. असं आपण कधी करत नाही.”

बायको पपई कापत होती. सुरी थांबली.

“मी ताप बघत होते,” ती म्हणाली. “गळ्यावर हात ठेवून.”

तिघांपैकी कुणी काही बोललं नाही. त्यांतल्या एकाला मनाईच होती म्हणा. कानसेनने कागदाची घडी केली, उलगडली, पुन्हा केली.

“एवढं गायलाय तर ते गेलं कुठे?” शेवटी त्याने विचारलं. “ऐकलं कुणी?”

पपई गोड निघाली. ती कुणी संपवली नाही.

दुसऱ्या आठवड्यात आणखी तीन संध्याकाळी तेच झालं. आता बायको वह्या घेऊन त्याच्या अगदी शेजारी बसायची. साडेसातला ती बोटांची टोकं त्याच्या गळ्याजवळ न्यायची, पण लावायची नाही. जवळ नेलं की कळतं, ती म्हणाली, फ्रीजच्या पाठीला हात नेल्यावर लागतं तसं. खोलीत मात्र घड्याळाची टिकटिक ऐकू येत होती. भोंगा मुकाट्याने घाम गाळायचा. गाणं त्याला ऐकू येत नव्हतं, पण कुठलं चालू आहे ते बरगड्यांवरून समजायचं.

सोमवारी डॉक्टरीणबाईंनी नवा आलेख पाहिला, ऑपरेशनची वही उघडली आणि पाचव्या आठवड्यानंतरचा एक सोमवार लिहिला. “त्या दिवशी आधी तपासू. सुधारणा नसेल तर लगेच घेऊ आत.”

जिना उतरताना भोंग्याने रेलिंग धरलं होतं. बायको म्हणाली, “रद्द असेल तेव्हाच होतंय. रविवारी होत नाही, सोमवारी होत नाही. ज्या दिवशी त्या टाइमटेबलचा तक्ता येतो त्याच दिवशी.” तिने तिथेच जिन्यात फोन लावला.

“वहिनी, तक्ता थांबवता येत नाही,” टाइमटेबल म्हणाला. “एकदा थांबवला होता तर ड्रमर...”

“लग्नात जेवून आला. माहितेय.”

“शिस्त म्हणून असते काही.”

“भाऊजी, तुमच्या शिस्तीपायी याचा गळा कापायची वेळ आली आहे.”

“उद्याचा आता निघत नाही,” तो पडलेल्या आवाजात म्हणाला. “मी आठवड्याचे आधीच लावून ठेवतो. परवापासून काढतो.”

म्हणजे मंगळवार उरला. सातवी संध्याकाळ.

ती बाकीच्यांसारखीच गेली. साडेसातला घाम, मग भाता, मग दगड. बायको दिवसभराची दमली होती. पावणेनऊला तिची मान वह्यांवर कलली आणि लाल पेन हातातच राहिलं. शेवटचं गाणं त्याच्या बरगड्यांतून उतरलं. भोंगा तिच्याकडे बघत बसला. तिच्या केसांत खडूची पूड होती. त्याच्या मनात एक वाक्य आलं. ते पूर्वीही येऊन गेलं होतं, बऱ्याचदा. तो असल्या गोष्टी बोलणारा माणूस नव्हता, आणि हे वाक्य बोलून कुणाचं भलं होण्यासारखंही नव्हतं. ते आलं, जरासं थांबलं आणि नेहमीसारखं निघून गेलं. त्याने तिच्या हातातलं पेन काढून टोपण लावून ठेवलं.

गुरुवारी तक्ता आला नाही. साडेसात वाजले आणि काही झालं नाही. भोंगा पंख्याखाली बसून आठ वाजेपर्यंत वाट बघत राहिला, मग त्याने मॅच लावली. शनिवारीही काही नाही.

पुढच्या सोमवारी डॉक्टरीणबाईंचा चष्मा कपाळावरच राहिला. सूज उतरली होती. “मंगळवारनंतर शून्य. आली अक्कल. हे आधीच केलं असतं तर?” मग त्यांनी पडद्यावर बोट ठेवलं. “मंगळवारी शेवटी हे काय आहे? ओरडणं संपल्यावर चौदा सेकंदांनी. हे ओरडणं नाही. साधं बोलणं आहे, हळू. चार सेकंद. एखादं वाक्य असेल.”

“मी समोरच होते,” बायको म्हणाली. “म्हणजे डुलकी लागली होती. पण हा बोलला असता तर उठले असते.” तिने भोंग्याकडे पाहिलं. “काय म्हणालास?”

भोंग्याने लिहिलं, ‘काही नाही.’

खोटं नव्हतं ते. तसं बघायला गेलं तर.

पुढचे दोन आठवडे शून्याचे गेले. आणि मग घरच्या शहरातला तो लटकता शनिवार आला. ऑपरेशनच्या वहीतला सोमवार त्याला लागूनच होता. टाइमटेबल म्हणाला करू या, कानसेन म्हणाला करू नये, बायको म्हणाली आधी डॉक्टरांना विचार. भोंग्याने तिघांचं ऐकून घेतलं. सोमवारी टेबलावर झोपायचंच असेल तर त्याआधी एकदा, असं त्याच्या मनाने घेतलं. त्याने पाटीवर मोठ्या अक्षरांत लिहिलं, ‘गाणार.’ साउंडचेकलाही त्याने तोंड उघडलं नाही. पाच आठवड्यांत एक शब्द नाही, पहिला तो मंचावरच.

हॉल भरला होता. बायको वर बाल्कनीत बसली. भोंगा काळ्या शर्टात माइकपाशी उभा राहिला, तेव्हा गळ्याच्या खळगीत काहीतरी टोचलं. मीटर. काढायचा राहिला होता.

साडेसात वाजले. ड्रमरने काठ्या आपटल्या.

आणि भोंग्याने तोंड उघडायच्या आत गाणं सुरू झालं.

क्षणभराचाच फरक होता. हॉलमध्ये कुणाच्या लक्षात येण्यासारखा नव्हता. त्याने घाईघाईने तोंड उघडलं आणि आवाजाच्या मागोमाग ओठ पळवले. आवाज त्याचाच होता. पंचविशीतल्यासारखा भरीव, कुठे चरा नाही. लोक वेडे झाले. गिटारवाल्याने वळून डोळे मिचकावले. भोंग्याच्या गळ्यात मात्र काही नव्हतं. दुसऱ्याच्या हातातली पिशवी बघावी तसा तो ऐकत होता.

पहिलं गाणं संपलं. अकरा सेकंद. तो पाणी प्यायला.

तिसऱ्या गाण्याच्या मधे आवाज बंद पडला.

त्याच क्षणी त्याच्या गळ्यावर हात आला. ओला, गार. बोटं त्याच्या ओळखीची होती. त्याने वर बाल्कनीत पाहिलं. बायको रेलिंगला धरून उभी होती. दोन्ही हातांनी.

गिटारवाल्याने प्रसंग सांभाळला आणि वाजवत राहिला. लोकांना वाटलं, मुद्दाम आहे. मागे कानसेन मनगटावरच्या घड्याळाकडे बघत होता.

दोन मिनिटं अकरा सेकंदांनी हात निघाला.

गाणं जिथे थांबलं होतं तिथूनच पुढे सुरू झालं.

कार्यक्रम संपल्यावर भोंगा प्लास्टिकच्या खुर्चीवर बसला आणि थकव्याची वाट बघत राहिला. तो आला नाही. खांदे हलके होते, शर्ट कोरडा होता. तो थकवा पाच आठवड्यांपूर्वी, सोफ्यावर, येऊन गेला होता.

कानसेन आत आला. त्याने खुर्ची ओढली नाही, उभाच राहिला. “पहिला मंगळवार होता हा,” तो म्हणाला. “सेकंदासकट.”

सोमवारी डॉक्टरीणबाईंनी डबी जोडली. भोंगा आणि बायको दोघंही जमिनीकडे बघत होते, शिक्षा व्हायची आहे अशा मुलांसारखे.

“शाबास,” बाई म्हणाल्या.

दोघांनी मान वर केली.

“संपूर्ण आठवडा शून्य. शनिवार, रविवार, काही नाही. एक शब्द उच्चारलेला नाही तुम्ही. मी पेशंटांना तुमचं उदाहरण देईन.”

नळी आत गेली. पडद्यावर दोन स्वच्छ, पांढऱ्या पट्ट्या दिसल्या. गाठी नव्हत्या, सूज नव्हती. बाई समाधानाने हसल्या, बहुधा वर्षातून एकदा हसत असाव्यात तशा. “ऑपरेशन रद्द. आता मौन सोडा. म्हणा, ई.”

भोंग्याने म्हटलं.

खोलीत एसीचा आवाज येत होता.

“घाबरू नका. सवय गेली असेल. जोर लावा. ई.”

त्याने जोर लावला. छाती भरली, रिकामी झाली. पडद्यावर हवा जाताना दिसली. दोन पांढऱ्या पट्ट्या उघड्याच राहिल्या. त्या हलल्या नाहीत. बाईंनी पडद्याच्या कडेवर टिचकी मारली. मग त्यांनी त्याला गिळायला सांगितलं. गिळताना चित्र नीट हललं. पट्ट्या तेवढ्या जागच्या जागी.

बाईंचा चष्मा खाली आला. “येईल,” त्या म्हणाल्या. “येईल हळूहळू.” त्यांनी कुणाकडेही न बघता हातमोजे काढले.

बाहेर बाकावर दोघं बसली. बायकोने पर्समधून वहीचा कागद काढला, त्यावर सात संध्याकाळींच्या सात रेघा मारल्या आणि पहिलीवर काट मारली. ती मुलांची बेरीज तपासावी तशी शांत होती. फक्त पेनचं टोपण तिला उघडताना दोनदा निसटलं होतं.

फोन वाजला. टाइमटेबल. त्याचा आवाज भोंग्यापर्यंत ऐकू येत होता. “वहिनी, शनिवारनंतर नुसते फोन येतायत! रद्द झालेली नऊच्या नऊ गावं परत घेतो. भोंग्याला सांगा.”

“सहा घ्या,” बायको म्हणाली.

“अहो, नऊ मागतायत.”

“सहाच. त्यापुढे एकही नको.” तिने कागदावरच्या सातव्या रेघेवर बोट ठेवलं. “आणि सहाव्याला मला पहिल्या रांगेत खुर्ची ठेवा. कानसेनभाऊजींना सांगा, शेवटचं गाणं झाल्यावर माइक बंद करू नका. टाळ्या थांबू द्या. मला चौदा सेकंदांनंतरची चार सेकंदं ऐकायची आहेत.”

तिने फोन ठेवला आणि नवऱ्याच्या खांद्यावर डोकं टेकलं. “इतकं काय होतं रे, मी झोपल्यावर बोलण्यासारखं?” ती म्हणाली. ती हसत होती.

भोंग्याने मांडीवरची पाटी उचलली. तिला दिसणार नाही अशी तिरकी धरली आणि टाइमटेबलला फोटो पाठवण्यासाठी तिच्यावर एकच शब्द लिहिला.

‘पाचच.’